'मेरे गली में' आणि तिसऱ्या कडव्याचा प्रश्न

जयंतीच्या तयारीची बैठक होती. घाटकोपर-मुलुंड पट्ट्यातली एक वस्ती. वस्तीचे आणि मंडळाचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण हे कुठल्याही वस्तीत घडू शकते आणि घडतेच. वर्गणीचा हिशेब झाला, मंडपवाल्याला आगाऊ किती द्यायचे ते झाले, मिरवणुकीचा रस्ता आणि पोलीस परवानगी झाली, खीर कोणाच्या दारात शिजवायची यावरून नेहमीचे भांडणही झाले. शेवटी मागे बसलेली तीन पोरे उभी राहिली. दोन मुलगे, एक मुलगी. १४ एप्रिलच्या रात्री स्टेजवर दहा मिनिटे द्या, एवढीच मागणी. काय करणार, असे विचारल्यावर त्यांच्यातला एक म्हणाला, "रॅप करणार दादा. डिव्हाइन आणि नेझीचं 'मेरे गली में' आहे ना, त्याच्या बीटवर आम्ही आपलं लिहिलंय."

बैठकीत हशा पिकला. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने ऐकवले, की या स्टेजवरून वामनदादांची गाणी झाली आहेत, इथे असले चाळे चालणार नाहीत. दुसऱ्याने विचारले, "बाळांनो, वामनदादांची पाच गाणी तरी पाठ आहेत का?" मुलगी काहीतरी सांगू पाहत होती, तिचे वाक्य पुरे झाले नाही. विषय संपला, चहा आला.

आम्ही त्या बैठकीत होतो. सांस्कृतिक राजकारणावर चार ठिकाणी जाऊन बोलणारे आम्ही, ज्येष्ठांचा मान राखायचा म्हणून गप्प बसलो. तेव्हा जे बोलायला हवे होते ते इथे लिहीत आहोत.

आधी त्या गाण्याविषयी, कारण बैठकीतल्या निम्म्या लोकांनी ते ऐकलेलेच नव्हते.

'मेरे गली में' हे एप्रिल २०१५ मध्ये आलेले दोन रॅपरांचे गाणे. डिव्हाइन म्हणजे व्हिव्हियन फर्नांडिस, अंधेरी पूर्वेच्या जे. बी. नगरचा. नेझी म्हणजे नावेद शेख, कुर्ला पश्चिमेचा. बीट 'सेझ ऑन द बीट' या संगीतकाराची. नेझीने त्याआधी २०१४ मध्ये 'आफत' नावाचे गाणे वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर केले होते, व्हिडिओसुद्धा त्याच आयपॅडवर चित्रित केला होता आणि ते पोराटोरांच्या मोबाइलमधून सगळीकडे पोचले होते. डिव्हाइन तोपर्यंत इंग्रजी सोडून मुंबईच्या हिंदीत लिहायला लागला होता. एक ख्रिस्ती, एक मुसलमान. अंधेरी-कुर्ला रोड नावाचा जो कायम तुंबलेला रस्ता आहे, त्याच्या एका अंगाला एकाची गल्ली आणि दुसऱ्या टोकाला दुसऱ्याची. पुण्या-मुंबईच्या महोत्सवांमध्ये इंग्रजी रॉक गाणारी मुले तोवर 'मुंबईचे संगीत' म्हणून मिरवत होती. या दोघांनी ती व्याख्या एका गाण्यात बदलून टाकली.

गाण्याच्या नावापासूनच सुरुवात करा. शाळेतल्या हिंदीच्या बाईंनी या नावावर लाल रेघ मारली असती. गली स्त्रीलिंगी, म्हणून 'मेरी गली में' हवे. पण मुंबईच्या नाक्यावर 'मेरे गली में' असेच बोलतात. आमच्या बोलीला अशुद्ध ठरवून शाळेत गप्प केलेल्या पिढ्यांना या एका मात्रेची किंमत कळेल. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, तेव्हा त्यातले कित्येक शब्द मराठी साहित्याच्या माजघरात कोणाला ठाऊक नव्हते. खुद्द प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांना त्या जगाचे शब्द समजून घ्यावे लागले. ढसाळांनी माफी मागून शब्द बदलले नाहीत. भाषा ज्यांची आहे त्यांच्यासारखी ती लिहायची, हा धडा आमच्या चळवळीने दिलेला आहे. तोच धडा अंधेरी-कुर्ल्याच्या दोन पोरांनी आपापल्या वाटेने गिरवला, तर त्याला चाळे म्हणायची आम्हाला तरी घाई का व्हावी?

दुसरी गोष्ट रचनेची. या गाण्यात दोघे एकमेकांच्या सुरात सूर मिसळत नाहीत. एक आपली गल्ली सांगतो, मग दुसरा आपली सांगतो, धृपदाला दोघे एकत्र येतात. ही चाल आम्हाला परकी आहे काय? कलगी-तुऱ्यात दोन फड समोरासमोर बसत होतेच. तमाशातले सवाल-जवाब होतेच. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन त्यातला गण-गौळणीचा भाग बदलला आणि जलसा उभा केला. भीमराव कर्डकांनी तो साचा आंबेडकरी विचारासाठी वापरला. आपली दहा भाषणे आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, या आशयाचे बाबासाहेबांचे उद्गार आजही प्रत्येक शाहीर सांगतो. पुढे कव्वाली आली. कव्वाली तर सुफी दर्ग्यातली. पण नागपूरपासून मुंबईपर्यंत आमच्या वस्त्यांनी ती इतकी आपली करून घेतली, की 'कव्वालीचा दुरंगी सामना' असे लिहिलेले कापडी फलक लागले की आजूबाजूच्या चार वस्त्या रिकाम्या व्हायच्या. एका बाजूला एक पार्टी, दुसऱ्या बाजूला दुसरी. एकाने इतिहासातला सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याच चालीत उत्तर द्यायचे, पब्लिकने दहा-दहाच्या नोटा लावायच्या. आमच्या आईवडिलांच्या पिढीने महाडचा सत्याग्रह, पुणे करार, धर्मांतर हे सगळे पुस्तकातून कमी आणि या सामन्यांतून जास्त शिकले आहे.

(सामने का बंद झाले, यावर बरेच जण टीव्हीला आणि मोबाइलला दोष देतात. आमच्या मते २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा वाटा कमी नाही. रात्री दहाला भोंगा बंद म्हटल्यावर पहाटेपर्यंत रंगणारा सामना जगणार कसा? चार मिनिटांचे रॅप मात्र साडेनऊला सुरू करूनही दहाच्या आत संपते.)

म्हणजे ज्येष्ठांना जे पाश्चात्त्य वाटते, त्याचा सांगाडा ते स्वतः तरुणपणी ऐकत होते तोच आहे. आणि पाश्चात्त्य म्हणजे तरी कोण? हिप-हॉपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, १९७३ च्या ऑगस्टमधल्या एका पार्टीपासून मोजतात. काळ्या आणि लॅटिनो गरिबांची वस्ती. त्याच्या वर्षभर आधी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि तिने नावच मुळी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. त्याच्याही आधी, १९४६ मध्ये, बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची माहिती मागवली होती. ब्राँक्स आमच्यासाठी परदेश नाही. आमच्यासाठी परदेश असेल तर तो मलबार हिल.

इथपर्यंत आम्ही पोरांच्या बाजूने बोललो. आता गाण्याशी आमचा जो वाद आहे त्याकडे येतो, कारण गाणे आवडते म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत, हा भक्तांचा धर्म आहे.

२०१५ चा एप्रिल आठवा. 'मेरे गली में' सोनी म्युझिकसारख्या बड्या कंपनीने आणले. त्याच महिन्यात, १७ एप्रिलला, चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' चित्रपटगृहांत लागला. त्यात वीरा साथीदारांनी उभा केलेला शाहीर नारायण कांबळे मुंबईच्या वस्तीत गातो, आणि त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली असा आरोप ठेवून त्याला अटक होते. त्या चित्रपटाचे संगीत संभाजी भगतांचे. पडद्यावरची ही गोष्ट पाहून लोक टाळ्या वाजवत होते, राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झालेला होता, आणि त्याच वेळी कबीर कला मंचाचे सचिन माळी, सागर गोरखे, रमेश गायचोर हे खरे शाहीर खऱ्या तुरुंगात होते. सचिन आणि शीतल साठे हे एप्रिल २०१३ मध्ये विधानभवनासमोर स्वतःहून हजर झाले होते. शीतल गरोदर होती, तिला काही महिन्यांत जामीन मिळाला. सचिनला सर्वोच्च न्यायालयाचा जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडला.

एकाच महिन्यात, एकाच राज्यात, वस्तीचा आवाज दोन ठिकाणी गेला. एक आवाज रेकॉर्ड कंपनीत, दुसरा आवाज बराकीत. दोन्हीकडे गरिबी आहे, पोलीस आहेत, अन्यायाची चीड आहे. मग फरक कुठे पडला? कोणी म्हणेल, राजकीय संघटनेचा. तो आहेच. पण आमचे निरीक्षण असे, की गल्ली म्हटले की बाजाराला चालते, जात म्हटली की चालत नाही.

यात डिव्हाइन आणि नेझीचा दोष काढायचा नाही. त्यांनी त्यांचे जगणे लिहिले, प्रामाणिकपणे लिहिले. मुसलमान म्हणून कुर्ल्यात वाढणे म्हणजे काय, हे नेझीला आम्ही शिकवायची गरज नाही. आमचा मुद्दा 'गल्ली' या शब्दाने बाजारात जे काम केले त्याविषयी आहे.

मुंबईचे रॅपर पिनकोडची फुशारकी मारतात. नेझीचे कुर्ला ७०, डिव्हाइनचे ५९. चांगली गोष्ट आहे. ज्या पत्त्याची लाज वाटावी असे शहराला वाटते, तोच पत्ता छातीवर लावायचा. पण पिनकोडला जात नसते. आमच्या गल्लीच्या पत्त्याला असते. रमाबाई नगर, सिद्धार्थ नगर, भीम नगर, पंचशील नगर, गौतम नगर. पाटी वाचली की माणूस ओळखला. आमच्या वस्तीतला मुलगा सीप्झमध्ये मुलाखतीला जातो. कुठे राहतोस? घाटकोपर ईस्ट. ईस्टला कुठे? हायवेच्या बाजूला. हायवेच्या बाजूला म्हणजे? पंतनगरच्या पुढे. हा मुलगा तीन प्रश्न पुढे-पुढे सरकत राहतो, पण रमाबाई नगर म्हणत नाही. त्याला आपल्या वस्तीची लाज आहे म्हणून नव्हे. ते नाव उच्चारताच समोरच्याच्या चेहऱ्यात होणारा बदल त्याने आधी पाहिलेला आहे म्हणून. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, आणि नवी नावे सुचवली ती समता नगर, भीम नगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी. निर्णय स्वागतार्हच. पण महारवाड्याचे भीम नगर झाल्याने मुलाखत घेणाऱ्याला काय कळायचे राहणार आहे?

तेव्हा 'माझी गल्ली' म्हणून छाती ठोकणे आणि 'माझे रमाबाई नगर' म्हणून छाती ठोकणे यांत फरक आहे. पहिल्याला शहर आता टाळ्या देते. दुसऱ्याला काय दिले, ते ११ जुलै १९९७ ला दिसले. बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर रस्त्यावर आलेल्या लोकांवर रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसे गेली. चार दिवसांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत विलास घोगरेंनी गळफास घेतला. ज्या आवाजाने आनंद पटवर्धनांच्या 'हमारा शहर'मध्ये झोपडीवाल्यांची कथा गायली होती, तो आवाज कपाळावर निळी पट्टी बांधून गेला. आयुष्यभर वर्गाचे गाणे गायलेल्या शाहिराने शेवटच्या क्षणी निळी पट्टी का बांधली, हा प्रश्न पटवर्धनांनी पुढे 'जयभीम कॉम्रेड'मध्ये चौदा वर्षे विचारला. 'मेरे गली में'ला आम्ही तोच प्रश्न विचारतो आहोत. या गल्लीत निळी पट्टी कुठे आहे?

आता चित्रपटाकडे. १४ फेब्रुवारी २०१९ ला झोया अख्तर यांचा 'गली बॉय' आला. या दोघांच्या जगण्यावरून स्फुरलेला. अंधेरी-कुर्ल्याची गोष्ट धारावीत नेली, कारण जगाला झोपडपट्टी म्हटले की धारावीच कळते. 'मेरे गली में' त्यात पुन्हा आले. डिव्हाइनचा आवाज आहे, पडद्यावर ओठ सिद्धांत चतुर्वेदीचे. नेझीचे नाव श्रेयात आहे. आणि गाण्यात एक नवा, ठळक आवाज आहे तो रणवीर सिंगचा. दोघांच्या गाण्यात तिसरी जागा तयार झाली, आणि ती वांद्र्याच्या एका ताऱ्याने भरली. चित्रपटाने तेरा फिल्मफेअर मिळवले, भारतातर्फे ऑस्करलाही गेला. धारावी हे चर्मकारांचे, तमिळ आदिद्रविडांचे, कुंभारांचे, मुसलमान कारागिरांचे गाव. पण या चित्रपटात गरिबी आहे, श्रीमंत मालकाची गाडी आहे, बापाचा मार आहे. जात हा प्रश्न म्हणून कुठेच समोर येत नाही. याच चित्रपटात 'आझादी' हे गाणेही आहे. २०१६ मध्ये जेएनयूतल्या घोषणांवरून डब शर्माने ते पहिल्यांदा बांधले, तेव्हा त्या घोषणांत मनुवाद होता, ब्राह्मणवाद होता. चित्रपटापर्यंत पोचेस्तोवर भूक राहिली, भेदभाव राहिला, हे दोन शब्द गळाले. भेदभाव कोण करतो, कशाच्या आधारावर करतो, हे सांगायचे नसेल तर 'भेदभाव' फार सोयीचा शब्द आहे.

ही काही मुंबईचीच रीत नाही. १९८६ मध्ये अमेरिकेत रन-डीएमसी या काळ्या रॅप गटाने एरोस्मिथ या गोऱ्या रॉक बँडबरोबर 'वॉक धिस वे' केले. व्हिडिओत दोघांच्या खोल्यांमधली भिंत फोडून गोरा गायक पलीकडे डोकावतो. संगीतातला वर्णभेद संपल्याचे प्रतीक म्हणून अजून ते दृश्य दाखवतात. त्या भिंतीच्या फुटण्याने एरोस्मिथची मंदावलेली गाडी पुन्हा धावू लागली, हे मात्र कमी जण सांगतात. आणि आपल्याकडचे ताजे उदाहरण २०२१ चे. 'एन्जॉय एन्जामी' हे धी आणि अरिवू यांचे तमिळ द्वंद्वगीत. अरिवूच्या आजीची, चहामळ्यात राबून भूमिहीनच राहिलेल्या पूर्वजांची ती कथा. गाणे जगभर गेले. त्याच ऑगस्टमध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया'च्या मुखपृष्ठावर धी होती, दुसऱ्या गाण्यातला शान व्हिन्सेंट डी पॉल होता, अरिवू नव्हता. पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतल्यावर त्याचे वेगळे डिजिटल मुखपृष्ठ निघाले. दोघांनी गायलेल्या गाण्यात कोणाला विसरायचे, हे आधीच ठरलेले असते काय, असा प्रश्न तेव्हा तामिळनाडूतल्या तरुणांनी विचारला. आम्ही इथे तो विचारला नाही, कारण आमच्या मंडळांत तेव्हा रॅप म्हणजे चाळेच होते.

मग आम्ही काय करायचे? 'मेरे गली में'वर बहिष्कार? मुळीच नाही. सामन्यात समोरच्याचा सवाल आवडला नाही म्हणून कोणी पार्टी गुंडाळून घरी गेल्याचे ऐकले आहे का? सवालाला जवाब द्यायचा असतो. अंधेरीने आपली गल्ली सांगितली, कुर्ल्याने सांगितली. जे. बी. नगरच्या स्टेशनवरून सुटणारी मेट्रो २०१४ पासून थेट घाटकोपरला येऊन थांबते. तिसरे कडवे घाटकोपरचे असायला कोणाची हरकत आहे? ते रणवीर सिंगने लिहायचे की रमाबाई नगरच्या पोरीने, एवढाच प्रश्न आहे.

आणि हो, पोरीने, असे आम्ही विचारपूर्वक म्हणतो. या गाण्यातली गल्ली पोरांची आहे. नाका, दोस्त, रात्रीची उभी बाईक. याच गल्लीत पहाटे पाण्याच्या लाइनीत, संडासच्या रांगेत उभी असणारी मुलगी तिथे नाही. आमच्या सामन्यांमध्ये तरी बाई समोरच्या पार्टीत बसून जवाब देत होती. शीतल साठेचा आवाज, कडूबाई खरातांची एकतारी, ही आमची परंपरा आहे. या बाबतीत नवी पोरे जुन्यांपेक्षा मागे असतील तर ते त्यांना सांगायला हवे.

त्यासाठी ज्येष्ठांनी काय करावे, याचेही उदाहरण उपनगरातच आहे, फार लांब जायला नको. गोरेगावच्या आरे कॉलनीत केलटीपाड्याचे प्रकाश भोईर हे आदिवासी कार्यकर्ते. आरेचे जंगल कारशेडसाठी तोडू नका म्हणून लढणारे. 'स्वदेसी' या मुंबईच्या रॅप गटाच्या पोरांबरोबर ते २०१९ मध्ये 'द वारली रिव्होल्ट'मध्ये गायले. वयाने मोठा माणूस आपल्या बोलीतले गाणे घेऊन आला, पोरांनी आपली बीट दिली. आणि नाव बघा. 'आमची गल्ली' नाही, 'गरीब आदिवासी' नाही, वारली. जमातीचे नाव शीर्षकातच. त्यावर्षी ऑक्टोबरमध्ये रातोरात झाडे तोडली गेली, गाण्याने झाडे वाचली असे आम्ही म्हणणार नाही. पण आरेत कोण राहते, हे न सांगता त्या जंगलावर बोलणे त्या गाण्यानंतर अवघड झाले. चेन्नईत 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'ने २०१८ पासून गाना, रॉक आणि रॅप एकत्र करून जातीवर गायला सुरुवात केली. ओडिशाचा सुमीत सामोस गातो. अमरावतीचा विपीन तातड गातो. रस्ता कोणी दाखवायची गरज नाही, पोरे चालायला लागली आहेत. आम्ही फक्त माईकच्या बटणावरचा हात काढायचा आहे.

पोरांनाही दोन शब्द. जयभीमचे नाव घेऊन जे रॅप सध्या रीलवर फिरते, त्यातले पुष्कळ आम्ही ऐकतो. 'आपुन जयभीमवाला' म्हणून दंड दाखवायचे, गाडीच्या बोनेटवर बसायचे, समोरच्याला तुडवायची भाषा करायची. ही पाटलाच्या पोराच्या रीलची नक्कल आहे. निळा झेंडा लावल्याने ती आंबेडकरी होत नाही. बाबासाहेबांच्या माणसाने दरारा कशाचा निर्माण करायचा, यावर वामनदादांनी आणि कर्डकांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. त्या ज्येष्ठ कार्यकर्त्याने पाच गाण्यांचा प्रश्न हिणवण्यासाठी विचारला, ते चूक. पण प्रश्न खोटा नाही. ज्याला जुना सवाल माहीत नाही तो नवा जवाब काय देणार? आमच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या ढोलकीवाल्यांकडे सामन्यांच्या कॅसेटी अजून गोणीत पडून आहेत. जा, ऐका, त्यातली ढोलकी उचला आणि बीटमध्ये घाला. कॉपीराइटची नोटीस ते तुम्हाला नक्कीच पाठवणार नाहीत, उलट जेवायला वाढतील.

बैठकीनंतर आठवड्याने आम्ही त्या तिघांना भेटलो. पाण्याच्या टाकीच्या बाजूला, मोबाइलवर बीट लावून त्यांनी म्हणून दाखवले. पहिली दोन कडवी पोरांची, ठीकठाक. एकात पोलीस, एकात बेकारी. डिव्हाइनची छाप ऐकू येते. तिसरे मुलीचे. त्यात ती आपल्या वस्तीचा पूर्ण पत्ता सांगते. वस्तीचे नाव, गल्ली, खोली नंबर, विहाराची खूण, सगळे. कॉलेजच्या फॉर्मवर जो पत्ता तिने तीन वर्षे मामाच्या बिल्डिंगचा लिहिला होता, तो खोडून ती बीटवर हा पत्ता लिहिते. ऐकताना आमच्याच वहीवरचा, विशीतला, अर्धवट लिहिलेला पत्ता आम्हाला आठवला.

पुढच्या रविवारी मंडळाची दुसरी बैठक आहे. दहा मिनिटांचा विषय आम्ही मांडणार आहोत, आणि नाही मिळाली तर आमच्या भाषणाला ठेवलेली पंधरा मिनिटे त्यांना देणार आहोत. तसे मंडळाला कळवलेही आहे.

निघताना मुलीला विचारले, त्या दिवशी तुझे वाक्य अर्धे राहिले, काय सांगत होतीस? ती म्हणाली, "काही नाही दादा. काका पाच विचारत होते ना, मला वामनदादांची सात येतात."